स्पॉन्सर लायसन्स सस्पेंड झालंय, वकील सुचवा (बजेट ३,००० पौंड)

हॅरोचा_खवय्या
नमस्कार मंडळी. हॅरोत आमचं छोटं मराठी जेवणाचं रेस्टॉरंट आहे, वेम्बलीत दुसरी शाखा. तीन शेफ स्पॉन्सर केलेत (लायसन्स म्हणजे परदेशी कामगार ठेवायचा होम ऑफिसचा, म्हणजे इथल्या गृहखात्याचा परवाना), तिघेही २०२३ चे. मध्यंतरी न कळवता तपासणी झाली आणि आता पत्र आलंय: लायसन्स सस्पेंड, २० वर्किंग डेजमध्ये लेखी उत्तर द्या. एक शेफ वेम्बलीला काम करतो ते कळवलं नव्हतं. दुसऱ्याला सीओएसवर (स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवर) लिहिलेल्यापेक्षा कमी पगार गेला (जानेवारीत गिऱ्हाईक नसतं, तास कमी केले, त्याच्या संमतीने). तिसरा वडिलांच्या आजारपणात कोल्हापूरला सहा आठवडे बिनपगारी होता. आणि तपासणीला आले तेव्हा एक शेफ नेमका गल्ल्यावर!
बजेट ३,००० पौंड, वर एक पेनी नाही. अनुभव असलेल्यांनीच सांगा.

स्लाऊचा_सदू
३,००० मध्ये काही होत नाही हो. आमच्या आयटी कंपनीला असंच पत्र आलं तेव्हा आम्ही १२ हजार मोजले. सेंट्रल लंडनचा सॉलिसिटर, काचेचं ऑफिस, कॉफीच काय ती! लायसन्स वाचलं. बजेट विसरा, वकील मोठाच घ्या.

केतकी_रीडिंग
मी एचआरमध्ये आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.
घाबरू नका, पण वेळ घालवू नका. सस्पेन्शन म्हणजे लायसन्स गेलं असं नाही. आत्ता असलेले शेफ काम करू शकतात, तुम्हाला नवीन सीओएस देता येणार नाही एवढंच. २० दिवस पत्राच्या तारखेपासून मोजा, तुम्ही ईमेल उघडलीत त्या दिवसापासून नव्हे. तोंडी सुनावणी नसते. जे काही मांडायचं ते या एकाच उत्तरात.
उत्तरात प्रत्येक मुद्द्याखाली कागद हवा: पेस्लिप, बँक स्टेटमेंट, रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक), करार, ईमेल. 'आम्ही प्रामाणिक व्यावसायिक आहोत, कोविडमध्ये फुकट डबे वाटले' वगैरे लिहू नका. ते कोणी वाचत नाही.
नंतर तीन शक्यता: परत ए रेटिंग (पूर्ववत लायसन्स), बी रेटिंग (सुधारणा करायच्या अटीवर), किंवा रद्द. बी मिळालं तर ॲक्शन प्लॅनची (सुधारणांच्या आराखड्याची) फी भरावी लागते, एप्रिल २०२५ पासून ती १,५७९ पौंड होती. सगळे ३,००० वकिलात घालू नका, ही रक्कम बाजूला ठेवा.

पुणेरी_पाहुणा
माझ्या साडूचा पुण्यात कन्सल्टंट आहे, ६०० पौंडात सगळं करून देतो. नंबर खासगी मेसेजने पाठवतो.

केतकी_रीडिंग
@पुणेरी_पाहुणा नका पाठवू. इथे नोंदणी नसताना पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. एक तर सॉलिसिटर हवा, नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार (जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणत). नोंदणी ऑनलाइन तपासता येते.

पुणेरी_पाहुणा
पुण्यात बसलेल्याला इथला कायदा लागत नाही. आणि त्याने दोनशे केसेस केल्यात.

जुना_टियर_टू
दोनशे केसेस व्हिजाच्या असतील. लायसन्सचं काम निराळं.
बाकी धागाकर्ते, मी पंधरा वर्षं इथे धंदा करतोय. पूर्वी तपासणीआधी फोन यायचा, आपण चहा करून ठेवायचो. आता सगळं कडक. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात १,९४८ लायसन्स रद्द झाली, आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. रद्द झालं तर अपील नाही, फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायद्याला धरून घेतला का, एवढंच कोर्ट पाहतं). त्याच्या खर्चात वेम्बलीची शाखा विकावी लागेल.

मिल्टनची_मावशी
अपील नाही हे खरंय. +१. माझ्या भाच्याच्या केअर कंपनीचंही गेलं. पेशंटचे हाल होतील असं किती सांगितलं. पण २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने केअर कंपन्यांच्याच केसमध्ये म्हटलंय की असे सगळे परिणाम तोलून पाहणं होम ऑफिसवर बंधनकारक नाही. तेव्हा 'आमचं रेस्टॉरंट बंद पडेल' हा मुद्दा टाका कचऱ्यात.

स्लाऊचा_सदू
म्हणूनच म्हणतो, १२ हजार.

हॅरोचा_खवय्या
मावशी, केतकीताई, आभार. पगाराबद्दल विचारतो. तास कमी करायला शेफ हो म्हणाला होता, मेसेज आहे तसा. मग यात गुन्हा काय?

केतकी_रीडिंग
त्याचं 'हो' तुमच्यातलं. सीओएसवर जो पगार लिहिलाय तो दिला गेला पाहिजे, कपात झाली तर १० वर्किंग डेजमध्ये एसएमएसवर (फोनचा मेसेज नव्हे, होम ऑफिसची स्पॉन्सरसाठीची ऑनलाइन सिस्टिम) कळवलं पाहिजे, आणि कमी झालेला पगार नियमात बसला पाहिजे. चारांतला सगळ्यात जड मुद्दा हाच. फरक आधी भरून द्या, बँकेतून, आणि तो पुरावा उत्तराला जोडा.

आकडेमोड्या
१० नाही, २०.

केतकी_रीडिंग
कामगाराबद्दलचे बदल १०, कंपनीबद्दलचे २०. वेम्बलीला पाठवणं हा कामगाराचा बदल.
कोल्हापूरचं सांगते. वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा झाली की स्पॉन्सरशिप थांबवायची असते. बाळंतपण, आजारपण असे अपवाद आहेत. घरचं गंभीर कारण असेल तर तेही कळवून चालू ठेवता येते, पण कळवावं लागतं. हॉस्पिटलचे कागद मागवून घ्या.

गुजराथी_शेजारी_मराठी_पोट
आमच्याकडे शेफच्या पगारातून सीओएसची फी हप्त्याने कापतो, कोणी काही विचारलं नाही.

जुना_टियर_टू
अहो हे इथे लिहू नका! ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्सची आणि सीओएसची फी स्किल्ड वर्करकडून वसूल करायला बंदी आहे. स्किल्स चार्ज (परदेशी कामगारामागे सरकारला भरायची रक्कम) तर आधीपासूनच मालकाचा. सापडलात तर लायसन्स जाईल.

गुजराथी_शेजारी_मराठी_पोट
तोंडी ठरलंय आमचं.

मिल्टनची_मावशी
पेस्लिपवर कापलेलं दिसतं ना बाबा, ते काय तोंडी?

लेस्टरची_लेक
मी दुसऱ्या बाजूची. केअर वर्कर होते, मालकाचं लायसन्स गेलं. आम्हाला ते कळलं पत्रातून, की आता ६० दिवस. त्यात नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर निघा. कुठल्याही मालकाला फोन केला की पहिला प्रश्न, 'आधीचं का सुटलं?' तुमच्या शेफना तर जास्त जड जाईल. २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवा शेफ आणता येत नाही. आधीपासून व्हिजावर असलेल्यांना मालक बदलता येतो, पण लायसन्सवाला मालक मिळाला तर! दादा, त्यांना आजच सांगा. तेवढे तरी दिवस त्यांच्या हातात राहू देत.

पुणेरी_पाहुणा
आधीच सांगितलं तर उद्याच दुसरीकडे जातील, मग किचन कोण सांभाळणार?

लेस्टरची_लेक
जाऊ देत की. माणसं आहेत ती, तव्यासोबत आलेली नाहीत.

आकडेमोड्या
गल्ल्यावरच्या शेफचं कोणी बोललंच नाही. शेफ म्हणून आणलेला माणूस खरंच शेफचं काम करतो का, हे पाहतात. आठवड्याचा रोटा आणि मेन्यू जोडा, दहा मिनिटं गल्ल्यावर उभा होता हे पटवता येईल. रोज उभा असतो असा संशय आला तर अवघड. आणि तुमचे शेफ खोटं बोलायला तयार होतील असं गृहीत धरू नका, त्यांची वेगळी मुलाखत घेतात.

स्लाऊचा_सदू
हे सगळं आमच्या वकिलाने सांगितलं होतं. १२ हजारात.

जुना_टियर_टू
सदू, तुमच्या कॉफीचे किती धरले होते त्यात?

हॅरोचा_खवय्या
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय. वकील नाही करत. नोंदणीकृत सल्लागाराबरोबर एक तासाची बैठक घेतली, २४० पौंड. त्यांनीही 'पूर्ण केस आम्हाला द्या' म्हटलं, पण मसुदा मी आणि बायको मिळून लिहितोय, ती अकाउंटंट आहे. पगाराचा फरक कालच बँकेतून दिला. ॲक्शन प्लॅनचे पैसे वेगळे काढलेत.
शेफना उत्तर गेल्यावर सांगेन. आत्ता नाही. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत.

केतकी_रीडिंग
पाठवण्याआधी मसुदा त्या सल्लागाराला पुन्हा दाखवा, आणखी २४० गेले तरी चालेल. बाकी तुमची मर्जी.

लेस्टरची_लेक
फराळ त्यांच्याच हातचा ना?