हात उचलला नाही, तरीही

दारू पिणाऱ्या बापांबद्दलच्या इथल्या चर्चेत 'बाप मारत नसेल तर पोरांना फारसं काही जाणवत नाही' असं कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. आमचे वडील प्यायचे, पण त्यांनी आम्हाला कधी बोटही लावलं नाही. तरी रात्री शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात त्यांची एम-एटी गाडी शिरली, की मी अन् ताई कान देऊन बसायचो. स्टँड एका झटक्यात लागला तर ठीक. दोन-तीनदा घसरला, की ताई लाईट घालवायची आणि आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो. आज चाळिशी ओलांडली, तरी शेजाऱ्यांची गाडी लागताना माझा हातातला घास थांबतो.

आणि इथं सगळे दारू सोडवण्याबद्दलच बोलताहेत. पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, तसं त्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे; दोन्ही एकमेकांना आधार देणारे गट. त्यातलंच अलाटीन, खास किशोरवयीन मुलांसाठी, १९५७ पासून चालू आहे. तिथं मुलांना सांगतात की दारू तुझ्यामुळं लागली नाही, तुला ती आवरता येणार नाही आणि बरीही करता येणार नाही. मला हे पस्तिशीत कळलं. तोवर वाटायचं, मी गणितात नापास झालो म्हणून वडील प्यायले.