घड्याळ समोर ठेवून कादंबरी लिहिणे शिकता येते का? (निमित्त : अँथनी ट्रोलपचे आत्मचरित्र)

दौत

लेखन शिकवून येत नाही, ते उपजतच असावे लागते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे आत्मचरित्र वाचल्यापासून मला ते वाक्य आळसाची सबब वाटू लागले आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, मुलाने ते प्रसिद्ध केले. ट्रोलप १८३४ साली टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्या नोकरीत राहिला. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, पहिला अर्धा तास आधीचा मजकूर वाचण्यात घालवी आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या हिशेबाने न्याहारीपूर्वीच दिवसाचे लेखन उरकून टाकी. रोज किती पाने झाली याची नोंद तो एका वहीत करत असे, आणि एखादा आठवडा कमी भरला तर ती नोंद त्याच्या डोळ्यांत खुपत असे. पहिल्या तीन कादंबऱ्यांना वाचक मिळाले नाहीत. चौथीचे पहिल्या हिशेबात जेमतेम नऊ पौंड आठ शिलिंग आठ पेनी हाती आले. तरीही अखेरीस त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या जमा झाल्या. गाण्यातल्या रियाजाला आपण मान देतो. मग लेखनातल्या रियाजाचे नाव काढताच आपल्याला हसू का येते? नव्या लेखकाने या माणसाच्या आयुष्यातून दुसरे काही घेतले नाही तरी ही बैठक अवश्य घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशयात्मा

यशस्वी माणसाच्या सवयींना यशाचे कारण मानण्याची चूक आपण करत आहात. त्याच काळात पहाटे उठून पाने भरणारे आणखी कितीतरी लोक इंग्लंडात असतील, परंतु त्यांची आत्मचरित्रे कोणी छापली नाहीत. शिवाय ती पहाट फुकट मिळालेली नव्हती. त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक वृद्ध मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) होता, आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. स्वतः ट्रोलपनेच हे मोकळेपणाने सांगितले आहे. आगगाडीच्या प्रवासात गुडघ्यावर पाटी घेऊन तो पेन्सिलीने लिहीत असे आणि त्या मजकुराची सुवाच्य प्रत त्याची पत्नी करत असे. महिन्याच्या पगाराची काळजी नव्हती. ज्याच्या घरी मोतद्दार नाही आणि हस्तलिखित उतरवून देणारे माणूस नाही, त्याने केवळ घड्याळ विकत आणून काय साधणार?

पहाटपाळी

मोतद्दाराचा मुद्दा मान्य आहे, पण त्याचे उत्तर त्याच आत्मचरित्रात, त्याच घरात आहे. ट्रोलपची आई फ्रान्सिस हिचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. वडिलांच्या कर्जापायी कुटुंबाला बेल्जियममधल्या ब्रूज गावी आसरा घ्यावा लागला आणि तेथे मुलगा व नवरा दोघेही आजारपणाने खंगत असताना ती दिवसा शुश्रूषा आणि रात्री कादंबरी अशा दोन पाळ्या करत होती, कारण घर तिच्या लेखणीवर चालत होते. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत यांना आईच्या खोल्यांत सारखेच स्थान होते, असे ट्रोलपने लिहून ठेवले आहे. स्वयंपाक, डबे आणि सासूबाईंच्या औषधाच्या वेळा सांभाळून मीही थोडेफार लिहिते, म्हणून सांगते : मला अडीचशे शब्दांचा हिशेब उपयोगी पडला नाही, ही बाई उपयोगी पडली. आणि हे सारे जवळून पाहिलेल्या मुलाला शिस्तीचे धडे आणखी कुठून घ्यायचे होते?

पोहरा

आपण सर्वजण पहाटेपाशीच अडकला आहात. माझ्या मते त्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग हॅरोच्या शाळेत शिकणाऱ्या लहानग्या ट्रोलपविषयीचा आहे. गबाळे कपडे, चिखलाच्या वाटेने पायी येणे, इतर मुलांनी खेळायला न घेणे, यामुळे तो एकटा पडला आणि त्याने मनोराज्ये रचायला सुरुवात केली. ही मनोराज्ये ‘मी राजा झालो’ अशा धर्तीची नव्हती. एकच गोष्ट तो मनात आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने पुढे नेत असे, आणि त्यात अशक्य किंवा असंभाव्य असे काहीही येऊ द्यायचे नाही, हा स्वतःच घातलेला नियम पाळत असे. ही सवय नसती तर आपण एकही कादंबरी लिहिली नसती, अशी शंका त्याने स्वतःच व्यक्त केली आहे. पुढे आयर्लंडमध्ये ग्रामीण टपालाच्या वाटा तपासण्यासाठी तो घोड्यावरून गावोगाव फिरला; माणसे तेथे भरली गेली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? घड्याळ हा पोहरा आहे, आणि तो ठरल्या वेळी भरून वर येत होता याचे कारण आडाला वर्षानुवर्षांचे पाणी होते.

दौत

आडाचा दृष्टान्त चांगला आहे, परंतु पोहरा न सोडता आडाच्या काठी बसून राहिलेले प्रतिभावंत मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि काही काळ मीही त्यांच्यात होतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कादंबरी पूर्ण झाल्याखेरीज तिचे पहिले प्रकरणही छापायला द्यायचे नाही, असा ट्रोलपचा दंडक होता. १८६० साली एका नव्या मासिकासाठी तो मोडावा लागला, त्याची त्याला बोच होती. आपल्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि आठवड्याची निकड भागवत कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या काही अपुऱ्याच राहिल्या, याची हळहळ मराठी वाचकाला आजही वाटते.

संशयात्मा

हे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरीही त्याच ‘करमणुकी’त क्रमशः आली. ट्रोलपच्या नियमांपैकी एकही न पाळता हरिभाऊंनी तिची नायिका यमू उभी केली. म्हणजे नियम हा त्या माणसाच्या स्वभावाचा भाग होता, कलेचा नव्हे. एकाच्या चपला दुसऱ्याने घालून चालू नये एवढेच माझे म्हणणे आहे, आणि जोडे शिवणाऱ्या कारागिराशी लेखकाची तुलना करणाऱ्या ट्रोलपला निदान ते पटायला हरकत नव्हती.

पोहरा

एक प्रसंग सांगतो, मग ज्याने त्याने ठरवावे. बार्सेट या काल्पनिक परगण्यावरच्या ट्रोलपच्या कादंबरीमालेत बिशपची बायको मिसेस प्राउडी हे कजाग पात्र आहे. लंडनच्या एका क्लबात ट्रोलप लिहीत बसला असताना शेजारी दोन पाद्री त्याच्याच कादंबऱ्या हातात घेऊन कुरकुरत होते की हा लेखक तीच ती पात्रे पुन्हा आणतो, आणि त्यांना ही बाई विशेष नकोशी झाली होती. ट्रोलपने उठून आपली ओळख दिली आणि घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारतो असे सांगितले. त्याने खरोखरच मारले. मालिकेतल्या शेवटच्या, १८६७ सालच्या कादंबरीत ती मरते. दौत यांना यात मुदत पाळणारा कारागीर दिसेल. पण आत्मचरित्रात तो पुढे लिहितो की तिला मारल्याचा आपल्याला कधीकधी पश्चात्ताप होतो, आणि तिच्या भुताच्या सहवासात आपण अजूनही बराच वेळ घालवतो.