मदत हवी आहे : बेस गिटारच्या तारांचा घुमारा घरातल्या वस्तूंनी कसा दाबावा?

सध्या मी जुन्या सोल संगीतातील बेसच्या ओळींचा सराव करीत आहे. त्या वादनात प्रत्येक स्वर ठसठशीत उमटतो आणि लगेच विरतो. माझ्या चार तारांच्या (जाडीच्या उतरत्या क्रमाने ‘ई’, ‘ए’, ‘डी’, ‘जी’), ३४ इंची मापाच्या बेसवर राउंडवाउंड (गोल तारेचे वेटोळे दिलेल्या, खडबडीत) तारा आहेत. त्यामुळे स्वराची आस (मागे रेंगाळणारा नाद) लांबत राहते आणि एकाचा घुमारा पुढच्यात मिसळून सगळा गिचका होतो. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे अडकवलेल्या असतात तिथे) टेकवून अंगठ्याने वाजवल्यास हवा तसा आवाज मिळतो, परंतु मग दोन बोटांनी वाजवण्याची मोकळीक राहत नाही. म्हणून तारांखाली काहीतरी बसवावे, असा विचार आहे.

ही कल्पना जुनीच आहे. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसच्या सुरुवातीच्या नमुन्यांत ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाच्या आत तारा दाबणारी मऊ पट्टी असे, आणि मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन झाकणाखालचा फोम जागेवर ठेवूनच वाजवीत. माझ्या बेसला असे झाकण नाही आणि केवळ या हौसेपायी तिच्या लाकडात स्क्रू मारण्याची माझी तयारी नाही.

सध्या भांडी घासायच्या नव्या, कोरड्या स्पंजचा हिरवा खरखरीत थर काढून टाकला आहे आणि उरलेल्या मऊ भागाची बोटभर रुंद पट्टी सॅडलला (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या भागाला) लागून चारही तारांखाली सरकवली आहे. ई तारेवर परिणाम सुरेख आहे. ‘जी’ तार मात्र लाकडावर टिचकी मारल्यासारखी वाजते, तर ए आणि डी या तारांना पट्टी जेमतेम लागत असल्याने त्या पूर्वीसारख्याच घुमतात. शिवाय पट्टी घातल्यापासून ट्यूनर तारा किंचित चढ्या दाखवतो.

चारही तारा सारख्या दबाव्यात यासाठी पट्टी कशी कापावी, स्वर चढण्यावर काय उपाय आहे, आणि पट्टी कायम तशीच ठेवल्यास पॉलिशला काही अपाय होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बाजारात तयार म्यूट (तारा दाबणारी साधने) मिळतात याची कल्पना आहे. ते विकत घेण्याचा सल्ला नको.

प्रतिसाद १

दोष स्पंजचा नाही, आकाराचा आहे. फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) किंचित कमानदार असतो आणि सॅडलची उंचीही त्याच कमानीने लावलेली असते, त्यामुळे ए आणि डी या मधल्या तारा बॉडीपासून कडेच्या तारांपेक्षा थोड्या वर राहतात. सपाट पट्टी साहजिकच कडेच्या तारांना आधी भिडते. त्यातही ‘जी’ तार सर्वांत बारीक आणि हलकी असल्याने, सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावणारी जाडजूड ई तार जो दाब सहज पचवते, त्याच दाबाखाली ९८ हर्ट्झची ‘जी’ तार पार मरून जाते. पट्टीच्या मध्यभागाखाली जाड कागदाची घडी सारा, म्हणजे ए आणि डीपाशी ती उचलली जाईल. जी तारेखाली मात्र स्पंजला वरून, तारेच्या दिशेने, धारदार पात्याने चीर द्या. तार त्या चिरेत अलगद बसली पाहिजे, स्पंजवर रेललेली नको.

स्वर चढण्याची कारणे दोन असतात. पट्टी तारेला वर ढकलत असेल तर ताण वाढतो; तो तारा ताणायच्या खुंट्या फिरवून दुरुस्त करता येतो, मात्र पट्टी काढल्यावर पुन्हा ट्यून करावे लागते. पट्टी फारच घट्ट असेल तर तार सॅडलऐवजी पट्टीच्या कडेपासून कंप पावू लागते, म्हणजे तिची लांबीच कमी होते, आणि हा दोष खुंट्यांनी जात नाही. खुली (बोटाने न दाबलेली) तार नेमकी लावून बाराव्या फ्रेटचा (फिंगरबोर्डवरील आडव्या धातूच्या पट्टीचा) स्वर ट्यूनरवर पाहा. एरवी बरोबर असणारा हा स्वर पट्टी घातल्यावर चढा येत असेल, तर पट्टी पातळ करा.

जागा सॅडललगतचीच ठेवा. तिथे मुख्यतः वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच उपस्वर) दबतात आणि मूळ स्वर तग धरतो. पट्टी पिकअपकडे (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागाकडे) सरकवत गेलात तर मूळ स्वरही जातो आणि नुसता ठोका उरतो. काही गाण्यांना तोही शोभतो, हा भाग वेगळा.

प्रतिसाद २

पॉलिशबद्दल सांगतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरवर रबर आणि काही प्रकारचे फोम दीर्घकाळ टेकून राहिल्यास डाग पडतात किंवा लॅकर मऊ होऊन चिकटते. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे पॉलिश याबाबतीत बरेच सोशिक असते. आपले कोणते आहे याची खात्री नसेल तर स्पंजखाली सुती कापडाची पट्टी घालावी. स्पंज हाताचा घाम शोषून घेतो आणि तो ओलावा तारांना गंजवतो, म्हणून वाजवून झाल्यावर तो काढून ठेवणेच इष्ट. जुना झाला की त्याचा चिकट भुगा होतो, त्याआधीच बदला. भांडी घासायची लोखंडी जाळी मात्र कधीही वापरू नका, कारण तिचे बारीक तुकडे पिकअपच्या चुंबकांना चिकटून बसतात. केसांचा रबर बँड नटजवळ (खुंट्यांकडील, तारा टेकतात त्या टोकाजवळ) बांधण्याची युक्तीही आपल्या कामाची नाही. त्याने खुल्या तारांची फुकटची गुणगुण थांबते, पण फ्रेटवर दाबलेल्या स्वराची आस कमी होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कागदाची घडी सारल्यावर ए आणि डी या तारा आता ई तारेइतक्याच दबतात. जी तारेखाली चीर दिल्याने टिचकीसारखा आवाज गेला, परंतु बाराव्या फ्रेटवर ती अजून किंचित चढी आहे, तेव्हा तिच्याखालचा स्पंज आणखी थोडा छाटतो. सुती कापड घातले आहे. आता एवढेच विचारायचे आहे की, राउंडवाउंड तारांचा उरलेला चकचकीतपणा टोनचे बटण उतरवून पुरेसा झाकता येईल, की त्यासाठी फ्लॅटवाउंड (चपटे वेटोळे दिलेल्या, गुळगुळीत) ताराच चढवाव्या लागतील?