‘ऋण दाब’, ‘कमी दाब’ की ‘ताण’?

विचारणा: मुतखडा फोडणाऱ्या शॉकवेव्ह मशीनची चाचणी पाण्यात लेझरने कशी घेतात, यावर लेख लिहितोय. आलेखात दाब एकदम काही दशक मेगापास्कलपर्यंत चढतो आणि लगेच शून्याखाली जातो. त्या खालच्या भागाला काय म्हणावं? शिवाय सहलेखक सगळीकडे ‘दबाव’ लिहितोय.

प्रतिसाद १: दबाव माणसावर आणतात, सरकारवर आणतात. रक्ताचा, हवेचा, पाण्याचा तो दाब. ‘पाण्याचा दबाव’ हे हिंदी वळण, खोडून टाका.

आणि ‘कमी दाब’ तर नकोच. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो तेव्हाही तिथला दाब १००० हेक्टोपास्कलच्या (म्हणजे ०.१ मेगापास्कलच्या) आसपास असतोच. तुमचा आलेख शून्याखाली गेलाय, ही वेगळीच गोष्ट आहे.

प्रतिसाद २: शून्य कुठलं, ते आधी लिहा. ध्वनिमापनात स्थिर दाब (लहर येण्याआधीचा, म्हणजे जवळपास वातावरणाचा) शून्य धरतात आणि त्यावरचा फरक मोजतात. म्हणजे −०.०५ मेगापास्कल हा फक्त वातावरणापेक्षा कमी दाब झाला. पण शॉकवेव्हच्या शेपटीत आकडा −१० च्या घरात जाऊ शकतो. तिथे पाणी खरोखर ओढलं जातं. वायूला हे जमत नाही, द्रवाला क्षणभर जमतं.

विचारणा करणारे: मग तिथे ‘ताण’च योग्य ना?

प्रतिसाद २: वर्णनात हो. ‘पाण्यावर ताण येतो आणि बुडबुडे तयार होतात’ हे कुणालाही कळेल. अक्षावर मात्र ‘दाब’च ठेवा. एकाच रेषेला मध्येच दुसरं नाव दिलं तर वाचक गोंधळेल.

प्रतिसाद ३: बुडबुड्यांवरून एक सांगतो, लेखात हे हवंच. फायबर हायड्रोफोनमध्ये, म्हणजे तुमच्या लेझरच्या चाचणीत पाण्यातला दाब टिपणाऱ्या काचतंतूच्या उपकरणात, दाब थेट मोजला जात नाही. लेझर काचेच्या तंतूतून जातो आणि टोकाशी, काच आणि पाणी यांच्या सीमेवरून, जेमतेम ०.२ टक्के प्रकाश परत येतो. दाब वाढला की पाणी घट्ट होतं, त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) काचेच्या जवळ सरकतो आणि परतणारा प्रकाश घटतो. ताण आला की वाढतो. पण टोकावर बुडबुडा बसला तर काचेसमोर पाणी नसून वाफ असते, आणि परतणारा प्रकाश एकदम साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. आलेखात ते राक्षसी ‘ऋण दाबा’सारखं दिसतं. तो दाबही नाही आणि ताणही नाही. तेवढ्या भागाला सरळ ‘बुडबुडा’ लिहा.

प्रतिसाद १: ‘अपवर्तनांक’ पाठ्यपुस्तकातला आहे. विश्वकोशात ‘प्रणमनांक’ सापडेल. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच वापरा.

विचारणा करणारे: ठीक. अक्षावर ‘दाब (स्थिर दाबापासूनचा फरक)’, मजकुरात ‘ताण’. ‘दबाव’ खोडला, सहलेखक अजून कुरकुरतोय.