चार महिन्यांच्या मांजरीला ‘एक वेत होऊ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

मनीची_आई: काल इथे कोणीतरी लिहिलं, ‘नसबंदीसाठी इवल्याशा पिल्लांवर सुरी चालवणं हा अत्याचार आहे, एक तरी वेत होऊ द्या.’ वाचून डोकं फिरलं. मांजरी चार महिन्यांची झाली की हीटवर, म्हणजे माजावर, येऊ शकते आणि गाभण काळ जेमतेम दोन महिने. सहा महिने थांबलात तर जिचं स्वतःचं अंग भरलेलं नाही तीच व्यायलेली असते. एका वेताने तब्येत सुधारते याला कसलाही आधार नाही. उलट लहान पिल्लाचं ऑपरेशन लवकर उरकतं, रक्त कमी जातं आणि ते लवकर हिंडूफिरू लागतं. धोका असतो तो अंग गार पडण्याचा आणि साखर उतरण्याचा. म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, भुलेखाली ऊब द्यायची असते. हे जाणणारा डॉक्टर शोधा, वेताची वाट बघू नका.

लॅबवाला: मांजरांचं ठीक. कुत्र्यांना तोच नियम लावू नका. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरचा अभ्यास छापला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत खुब्याचे आणि गुडघ्याचे विकार जास्त निघाले. हाडांची वाढ थांबवायला हार्मोन लागतात, ते गेले की हाडं लांबत राहतात. आमच्या लॅबचं (लॅब्राडोर कुत्र्याचं) डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात करायला लावलं. आज ऐन उमेदीत त्याला जिना चढवत नाही.

मनीची_आई: त्याच चमूने २०२० मध्ये ३५ जाती तपासल्या. लहान चणीच्या कुत्र्यांत सांध्यांचा तसा फरक दिसला नाही. लॅबचं वजन किती?

लॅबवाला: ३८ किलो. वजनावरून मला शिकवू नका. रोज रात्री त्याचे पाय मी चोळतो, तुम्ही नाही.

पशुवैद्यक_शेवटचं_वर्ष: मादीचं गणित वेगळं आहे. पहिल्या माजाआधी केलं तर स्तनाच्या गाठींचा धोका ऑपरेशन न झालेल्या मादीच्या ०.५ टक्के, एका माजानंतर ८, दोन माजांनंतर २६, हे आकडे १९६९ पासून सांगितले जातात. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पुरावा कच्चा ठरला. पण गर्भाशयात पू होऊन मरणाच्या दारात आलेल्या कुत्र्या आमच्या टेबलावर येतात, त्याचं काय करायचं? फार लवकर केलेल्या काही माद्यांना पुढे लघवी आवरत नाही, हेही खरंच.

भाड्याच्या_घरातला: वय राहू द्या. आधीच ऑपरेशन करून पिल्लू देणाऱ्या लोकांचा मुळात माणसावर विश्वास नाही, खरं दुखणं ते आहे. मी एक पिल्लू मागितलं तर भाडेकरार, पगार, खिडकीला जाळी, वर ‘लग्न झाल्यावर मांजराचं काय?’ शेवटी नकार. भाडेकरूने मांजर पाळूच नये का?

गच्चीवरची_पिल्लं: मी पिल्लं देते म्हणून सांगते. ‘सहा महिन्यांनी नक्की करू’ असं सगळे म्हणतात. सहा महिन्यांनी फोन लागत नाही आणि वर्षभरात त्याच मांजरीची पिल्लं खोक्यात भरून माझ्याच दाराशी येतात. म्हणून आधी टाके, मग दत्तक.

भाड्याच्या_घरातला: म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्यांनी फोन बंद केले त्यांचा राग माझ्यावर का?

मनीची_आई: लग्नाचा प्रश्न गैरच होता. जाळीचा नाही. चौथ्या मजल्यावरून पडलेलं मांजर मी उचललंय, त्याचा जबडा तारेने बांधावा लागला होता.

भाड्याच्या_घरातला: जाळी मी लावणारच होतो! घरमालकाची परवानगीही काढली होती. कोणी ऐकूनच घेतलं नाही. माझ्या आजीच्या चाळीत सगळ्यांची मिळून मांजरं असायची, कोणी पगार विचारला नाही.

गच्चीवरची_पिल्लं: आणि त्या मांजरांची दर पावसाळ्यातली पिल्लं कुठे जायची, हे आजीला विचारलंत कधी?

भाड्याच्या_घरातला: आजीवर जाऊ नका.

लॅबवाला: पोत्यात घालून मंडईत सोडायचे, आमच्याकडेही. मांजरांपुरतं तुमचं मान्य करतो, चार महिन्यांत उरकून टाका. मोठ्या जातीच्या कुत्र्याला मात्र वर्षाच्या आत हात लावू देणार नाही, कोण काय म्हणेल ते म्हणो.

पशुवैद्यक_शेवटचं_वर्ष: घरात बांधून सांभाळणार असाल तर थांबा. मोकळा सोडणार असाल तर नाही.

गच्चीवरची_पिल्लं: भाड्याच्या घरातले, जाळीचा फोटो पाठवा. दोन बोके आहेत, दोघांचं ऑपरेशन झालंय. पगार विचारणार नाही.