जुनं बिटकॉइन मशीन १५ हजारात मिळतंय, घरी लावावं का? (इंदूर)

रामबागकर | सोमवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्यामुळे वरची खोली रिकामी. त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर तिथेच धूळ खातोय, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्डवाला. भाच्याचा एक मित्र अँटमायनर एस९ नावाचं वापरलेलं मशीन १५ हजाराला देतोय. म्हणतो, काका, प्लग लावा आणि विसरून जा, महिन्याचे चार-पाच हजार कुठे गेले नाहीत. माझं बजेट सगळं धरून २५ हजार, वर एक रुपया नाही. शेअर, फंड, जमीन यांवर सल्ले नकोत, ते माझं मी बघतो. घरच्या घरी थोडंफार मायनिंग, म्हणजे मशीनला सतत आकडेमोड करायला लावून नवं बिटकॉइन मिळवणं, करून खटाटोपाच्या मानाने काही हाती लागतं का, एवढंच विचारायचंय. स्वतः केलेल्यांनी लिहावं.

विजयनगरी | सोमवार, रात्री ९.५२
काका, एस९ म्हणजे भंगार. २०१६चं मॉडेल आहे ते. घ्यायचं तर एस२१ घ्या, २०० टेराहॅश (आकडेमोडीचा वेग), विषय संपला. माझ्या साडूने पीथमपूरला शेडमध्ये चार लावलीत. आवाज असा की आत फोन उचलता येत नाही!

रामबागकर | सोमवार, रात्री १०.०५
किंमत?

विजयनगरी | सोमवार, रात्री १०.०७
काही लाखांत जातं एक. चांगल्या वस्तूला पैसे पडणारच ना काका.

बडोदेकर | सोमवार, रात्री १०.३०
मी सांगतो ते ऐका. आधी छतावर सोलर लावा. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. मी गेल्या वर्षी लावलं, बिल जवळजवळ शून्य. वीजच फुकट झाली की मग मायनिंग करा नाहीतर पापड भाजा, कोण विचारतंय! आणि एसआयपी चालू ठेवा.

उसळपोहे | सोमवार, रात्री ११.१५
काका, मी केलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

२०२१ मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत नवऱ्याने आणि दिराने मिळून सहा ग्राफिक कार्डांचं रिग, म्हणजे मायनिंगचं मशीन, बांधलं. तेव्हा कार्डं मिळत नव्हती, दुप्पट भावाने घेतली. लोकमान्यनगरच्या घरात वरच्या खोलीत लोखंडी मांडणीवर ठेवलं. आमच्या लग्नात आलेली, वर स्टीलचे डबे ठेवायची मांडणी ती. डबे खाली आले, कार्डं वर गेली. पहिले चार महिने मजा होती, रोज सकाळी चहाआधी फोनवर आकडा बघायचा. इथेरियम, म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं नाणं, निघायचं तेव्हा.

मग एप्रिल आला. खोलीचा पत्रा तापायचा, त्यात ही शेगडी. कूलर लावला तर दमट हवेने कार्डांवर धूळ चिकटून चिखल व्हायला लागला. मे महिन्यात एका रात्री जळका वास आला म्हणून मी वर गेले. एक्स्टेंशन बोर्डाचं सॉकेट काळं पडून आत वितळलं होतं, पिन ओढली तर प्लॅस्टिकची तार निघाली, चीज निघतं तशी. खाली सासूबाई झोपलेल्या. त्या रात्री घरात जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही.

तरी चालूच ठेवलं. नवीन वायरिंग केलं, त्याचे वेगळे पैसे. आणि १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. आता तिथे ३२ इथर, म्हणजे त्यांचीच नाणी, गहाण ठेवून बसावं लागतं, कार्डाला काही काम नाही. एका रात्रीत सहाही कार्डं खेळणी झाली. जेल रोडला विकायला गेलो तर सगळे आमच्यासारखेच रांगेत उभे. दुकानदार कार्ड हातात घेऊन आधी वास घ्यायचा!

हिशेब नवऱ्याने कधी पूर्ण केला नाही. मी केला, पण त्याला दाखवला नाही.

ग्वाल्हेरी_बाणा | सोमवार, रात्री ११.४०
उन्हाचं म्हणाल तर इंदूरकरांनी बोलूच नये. आमच्याकडे मे महिन्यात ४५च्या वर जातो पारा. मशीन काय, माणूस बंद पडतो.

विजयनगरी | सोमवार, रात्री ११.४४
ताई, कार्डं आणि एसिक (फक्त मायनिंगसाठीच बनवलेलं मशीन) यांत फरक आहे. तुम्ही रिगचं सांगताय, काका एस९चं विचारतायत.

उसळपोहे | सोमवार, रात्री ११.५०
सॉकेटला तो फरक कळत नाही, भाऊ.

बडोदेकर | मंगळवार, सकाळी ७.१०
म्हणून म्हटलं, आधी सोलर.

हिशेबतपासनीस | मंगळवार, सकाळी ८.२५
वरच्या सगळ्या प्रतिसादांत एकही बेरीज नाही, म्हणून करतो. कागद घेऊन बसा, रामबागकर.

बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी निघतो, म्हणजे दिवसाला १४४. एप्रिल २०२४च्या हाविंगनंतर (बक्षीस निम्मं झालं ते) एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला जगभरात मिळून झाले ४५०. हे ४५० ज्याची जेवढी ताकद त्या प्रमाणात वाटले जातात असं समजा. जगाची एकूण ताकद धरा १००० एक्झाहॅश, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश. तुमच्या एस९ची ताकद साडेतेरा टेराहॅश. शंभर कोटीत साडेतेरा!

दिवसाला तुमच्या वाट्याला ०.०००००६ बिटकॉइन. महिन्याला ०.०००१८. बिटकॉइन ८० लाख धरला तर महिन्याला रुपये १४५८. पूलचं, म्हणजे मिळून मायनिंग करणाऱ्या गटाचं, कमिशन मी धरलेलं नाही.

आता वीज. एस९ सुमारे १३०० वॅट खातं. चोवीस तास, तीस दिवस, ९३६ युनिट. स्लॅब, फिक्स्ड चार्ज सगळं धरून माझ्या बिलात युनिट आठ रुपयांना पडतं. झाले ७४८८.

१४५८ मिळवायला ७४८८ भरायचे. भाच्याच्या मित्राचे चार-पाच हजार कुठे गेले नाहीत हे बरोबर आहे, कारण ते आलेच नव्हते.

जाता जाता: हिवाळ्यात तुमचं बिल १५० युनिटांच्या आत येत असेल तर अटल गृह ज्योतीत पहिली १०० युनिटं शंभर रुपयांत मिळत असतील. ती सवलत पहिल्याच महिन्यात जाईल.

ग्वाल्हेरी_बाणा | मंगळवार, सकाळी ८.४०
+१. वीज खातं भयंकर. हेच सांगणार होतो.

विजयनगरी | मंगळवार, सकाळी ९.०२
तेच ना! म्हणून एस२१. त्याचा हिशेब करा की.

हिशेबतपासनीस | मंगळवार, सकाळी ९.३०
केला. २०० टेराहॅशला महिन्याला २१,६००. वीज ३५०० वॅटने २५२० युनिट, घरगुती दराने २०,१६०. कर वेगळा. साडूंना विचारा कर भरतात का.

विजयनगरी | मंगळवार, सकाळी ९.३३
साडूंची लाइन इंडस्ट्रियल आहे. आणि भाव वाढला की बघा.

फॉर्म_सोळा | मंगळवार, सकाळी ११.००
कराचा विषय निघालाच आहे तर. एप्रिल २०२२पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के, वर सेस, म्हणजे ३१.२. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. मायनिंगचं मशीन वगैरे खर्च खरेदी किमतीत धरता येत नाही, हे सरकारने २०२२ मध्ये संसदेतच सांगितलंय. विजेचंही तेच समजून चाला. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस निराळा. रिटर्नमध्ये याची वेगळी अनुसूची भरावी लागते. म्हणजे वरच्या एस२१ला २१,६०० मधून ६,७३९ कर, उरले १४,८६१, आणि बिल वीस हजार. घरगुती लाइनवर लाखांचं मशीन घेऊन महिन्याला पाच हजार पदरचे घालायचे.

बडोदेकर | मंगळवार, दुपारी १२.१५
वीज फुकट असेल तर?

हिशेबतपासनीस | मंगळवार, दुपारी १२.२८
३ किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं. एस९ दिवसाला ३१ खातं. एस२१ ८४. तुमचं छत पुरणार नाही, शेजाऱ्याचंही लागेल. शिवाय ती वीज ग्रीडला दिली तर बिलात वळती होते, म्हणजे फुकट नाहीच.

बडोदेकर | मंगळवार, दुपारी १२.३५
माझं १४ देतं. पॅनल रोज धुतो मी, पहाटे, ब्रशने.

ग्वाल्हेरी_बाणा | मंगळवार, दुपारी १२.५०
रोज धुता? पाणी येतं तुमच्याकडे रोज?

बडोदेकर | मंगळवार, दुपारी १२.५२
बडोदं आहे हे.

लिंबू_जिरावण | मंगळवार, दुपारी २.३०
अवांतर: बडोदेकर, तुमच्याकडच्या शेव-उसळीत शेव नंतर घालतात की आधी? घरात वाद चाललाय.

बडोदेकर | मंगळवार, दुपारी २.४१
वरून. आणि जाडी शेव. तुमची इंदुरी लवंगाची शेव घातलीत तर उसळ बिघडते.

उसळपोहे | मंगळवार, दुपारी २.४५
हा धागा आता कुठे जाणार ते मला दिसतंय.

मोबाइलवाली_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ५.००
मी तर फोनवर रोज एकदा बटण दाबते, त्यात कॉइन जमा होतात. वीज नाही, मशीन नाही. तीन वर्षांत खूप जमलेत. भाचीने सांगितलं होतं. अजून विकले नाहीत.

हिशेबतपासनीस | मंगळवार, संध्याकाळी ५.२०
विकता येतात का?

मोबाइलवाली_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ५.४५
अजून नाही. येतील म्हणतात.

जुनी_जखम | मंगळवार, रात्री ८.१०
रामबागकर, आणखी एक. 'मशीन तुम्ही घेऊ नका, आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त पैसे गुंतवा, महिन्याला ठरावीक टक्के घ्या' असं कुणी म्हणालं तर दार लावा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने असंच महिन्याला १० टक्के, अठरा महिने, असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला धरलं. मी त्यात नव्हतो, दुसऱ्याच एकात होतो, नाव घेत नाही. माणूस ओळखीतला होता. दर महिन्याला लग्नाकार्यात भेटायचा, पाया पडायचा.

शिकाऊ_उमेदवार | मंगळवार, रात्री १०.२०
काका, मुलाचा कॉम्प्युटर आहे ना, त्यावर मोनेरो नावाचं नाणं काढून बघा. ते सीपीयूवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, निघतं, मुद्दाम तसं बनवलंय की एसिकला वाव मिळू नये. मी हॉस्टेलवर केलं, वीज हॉस्टेलची. पंधरा दिवसांत जे निघालं त्यात छप्पन दुकानला दोघांनी पोट भरून खाल्लं. मग वॉर्डनने पंख्याचा आवाज ऐकला.

फॉर्म_सोळा | मंगळवार, रात्री १०.३५
हॉस्टेलची वीज! शाबास.

रामबागकर | बुधवार, सकाळी १०.१०
सगळ्यांचे आभार. काल भाच्याच्या मित्राकडे जाऊन मशीन पाहिलं. चालू करायला सांगितलं तेव्हा कळलं की पॉवर सप्लाय वेगळा लागतो, तो त्याच्याकडे नाही, त्याचे निराळे पैसे. शेजारून एक आणला आणि सुरू केलं. मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटताना जो आवाज येतो, तो, पण थांबतच नाही. सौ. सोबत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. नाही घेतलं.

उसळपोहे | बुधवार, सकाळी १०.१५
सुटलात काका!

रामबागकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.५०
मंडळी, सांगायलाच हवं म्हणून लिहितो. मी बिटअ‍ॅक्स नावाचं छोटं मायनिंग मशीन मागवलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, वर छोटा पंखा आणि काडेपेटीएवढा स्क्रीन. १८ हजार पडले. १.२ टेराहॅश, १८ वॅट.

हिशेबतपासनीस | रविवार, संध्याकाळी ७.०५
काका!! शंभर कोटीत सव्वा. पूलला लावलंत तर महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये. एकट्याने ब्लॉक शोधायला लावलंत तर सरासरीने सोळा हजार वर्षांत एकदा लागेल. मी दोनदा केला हिशेब.

रामबागकर | रविवार, संध्याकाळी ७.२०
एकट्यानेच लावलंय. महिन्याला १३ युनिट, शंभर रुपये वीज, १५० युनिटांच्या आत आहे मी अजून. लागलाच तर ३.१२५ बिटकॉइन, अडीच कोटी. लॉटरी आहे हे मला कळतं, चाळीस वर्षं बँकेत काढली. पैसे मिळणार नाहीत हे धरूनच घेतलंय. हे तुम्हा सगळ्यांच्या सल्ल्याबाहेरचं आहे, ठाऊक आहे. पण पुण्याहून मुलगा आता रोज रात्री फोन करून विचारतो, बाबा आज बेस्ट किती. स्क्रीनवर 'बेस्ट डिफिकल्टी' म्हणून आकडा येतो, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रयत्न. चार दिवसांत ११८ एम (मिलियन) आला. ब्लॉकला शंभर टीच्या (ट्रिलियनच्या) वर लागतो म्हणे. मागच्या दिवाळीपासून त्याचा फोन रविवारचाच यायचा.

फॉर्म_सोळा | रविवार, संध्याकाळी ७.३४
लागला तर मला आधी कळवा. ३१.२ टक्के, वर सरचार्जही. अडीच कोटीवर.

विजयनगरी | रविवार, संध्याकाळी ७.४०
१८ हजारात तर दोन टेराहॅशवालं... असो. ठेवलंय कुठे?

रामबागकर | रविवार, संध्याकाळी ७.५२
देवघराच्या शेजारी, राउटर तिथेच आहे. सौ.नी खाली आसन ठेवलंय, पट्टी गार फरशीवर नको म्हणून. गरम होते ती, गार नाही, पण सांगायला गेलो नाही.

मोबाइलवाली_मावशी | रविवार, रात्री ८.३०
मला लिंक द्याल का? वीज कमी लागते म्हणता ना.

लिंबू_जिरावण | रविवार, रात्री ९.१५
बडोदेकर, जाडी शेव म्हणजे नेमकी कोणती? काल केली, घरात कुणालाच पटली नाही. आणि ते सोलर कुणाकडून लावलं तेही सांगा.