जीएफ(३) वर [१२, ६] कोड : किमान अंतर ३ वरच का अडते?

त्रिअंकी :
जीएफ(३) वर, म्हणजे ०, १, २ हे अंक आणि हिशेब ३ ने भागून उरणाऱ्या बाकीत, लांबी १२ आणि मिती ६ चा कोड [आय | ए] या साच्यात बांधतोय : डावीकडे एकक मॅट्रिक्स आय, उजवीकडे ए. ए हा ६×६ सर्क्युलंट (प्रत्येक ओळ म्हणजे आधीची ओळ एक घर उजवीकडे फिरवलेली), पहिली ओळ ० १ १ १ २ १. जनक मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीचे वजन (अशून्य अंकांची संख्या) ६ भरते, तरी किमान अंतर (कोडमधल्या अशून्य शब्दांचे सर्वांत कमी वजन) ३ निघते. याच मापात विस्तारित गोले कोडला ६ मिळते. ओळ बदलू की साचाच चुकला?

शून्यशेष :
ए ची पहिली, तिसरी आणि पाचवी ओळ एकाखाली एक मांडा.

० १ १ १ २ १
२ १ ० १ १ १
१ १ २ १ ० १

प्रत्येक स्तंभाची बेरीज बरोबर ३, म्हणजे इथे शून्य. उजवा अर्धा भाग पुसला गेला, डावीकडचे तीन १ तेवढे उरले. मूळ दुखणे अवयवांत आहे. जीएफ(३) वर क्ष^६−१ = (क्ष^२−१)^३, आणि तुमच्या ओळीची बहुपदी (ओळीतले अंक हेच सहगुणक) क्ष^२−१ ने नि:शेष भागली जाते. सामाईक अवयव निघाला की ए ला व्यस्त उरत नाही.

ओळ मात्र उत्तम आहे, टाकू नका. सरकवताना टोकावरून पुन्हा सुरुवातीला येणाऱ्या अंकाला २ ने गुणा. दुसरी ओळ २ ० १ १ १ २, तिसरी १ २ ० १ १ १. हा नेगासर्क्युलंट. आता भाजक क्ष^६+१ = (क्ष^२+१)^३, आणि क्ष^२+१ ने भागल्यावर बाकी क्ष+१ राहते. अडचण संपली.

वजनकाटा :
यात भर. नव्या ए च्या ओळी एकमेकींना लंब आहेत आणि ए गुणिले ए चा परिवर्त = −आय. म्हणून दोन्ही अर्धे भाग माहितीसंच ठरतात (कुठल्याही एका अर्ध्यावरून पूर्ण शब्द ठरतो), आणि ७२९ शब्द तपासायची गरजच नाही. वजन ५ किंवा कमी असेल तर एका अर्ध्यात जास्तीत जास्त २ अशून्य अंक येणार. तेव्हा पहिली ओळ एकटी, मग तिच्यात दुसरी, तिसरी, चौथी मिळवून आणि वजा करून : सात तपासण्या. परिवर्तासाठी तेच पुन्हा. पहिलीतून दुसरी वजा केली तर ए मध्ये १ १ ० ० १ २, वजन ४; डावीकडचे २ धरून ६. ग्रीस्मर मर्यादाही (दिलेल्या अंतराला किमान किती लांबी लागते ते सांगणारी) ६ ला ६+२+१+१+१+१ = १२ अशी नेमकी भरते; ७ ला लांबी किमान १४ लागते.

त्रिअंकी :
जुळले, अंतर ६. आता ७×७ घेऊन [१४, ७] साठी हीच युक्ती चालेल?

शून्यशेष :
नाही. ए च्या ओळीची लांबी विषम असली की क्ष च्या जागी −क्ष घालताच क्ष^७+१ चे क्ष^७−१ होते (चिन्हाचा फरक सोडून). तेच कोड दुसऱ्या वेषात मिळतात, शोधाचा वेळ फुकट जातो. सम लांबीवर खरा फरक पडतो : क्ष^४−१ चे द्विघाती अवयव क्ष^२−१ आणि क्ष^२+१, दोघांचे वजन २, पण क्ष^४+१ चा अवयव क्ष^२+क्ष+२ थेट [४, २, ३] कोड (तिसरा आकडा किमान अंतर) देतो. मोठ्या शोधात असा चांगला अवयव ग आधी निवडा, मग दुसरी बहुपदी फ घेऊन (ग, ग·फ) जोडी करा. फ चा (क्ष^४+१)/ग शी सामाईक अवयव नसेल तर ग च्या कोडपेक्षा अंतर किमान दुप्पट मिळते. आयदन, सियाप आणि रे-चौधुरी (बीसीएच या प्रसिद्ध कोडांच्या नावातला ‘सी’ तो हाच) यांची २००१ ची शोधपद्धत याच पायावर उभी आहे.